दाजींच्या ज्वारीचा स्वेटर

थंडीला न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण थंडीशी ज्याचं बोलणंचालणं आहे असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माकणीच्या धरणाच्या अलीकडे, तेरणेच्या बाजूला उतरत गेलेलं त्यांचं शेत आहे. या दाजींबद्दल आमच्या भागात एक गोष्ट फार वर्षं सांगितली जाते. गोष्ट अशी की, या गृहस्थाने एका हिवाळ्यात उभ्या ज्वारीवर घरातल्या गोधड्या पांघरल्या, आणि पुढं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, पाहुण्यांनी त्याच ज्वारीचा हुरडा खाल्ला म्हणून बांधावर बसून गळा काढला. तेव्हापासून दाजी कुठंही दिसले की कुणीतरी विचारतंच, "दाजी, औंदा जवारीला स्वेटर घातला का न्हाय?" ही गोष्ट मी रचली. मी तुळजापूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, माझ्या खिडकीपाशी लोहाऱ्याचे, ढोकीचे, अणदूरचे प्रवासी गाडीची वाट बघत उभे असायचे, आणि उशीर झालेल्या गाडीच्या प्रवाशांना गप्प ठेवायला गोष्टीइतकं चांगलं साधन नाही. गाडी लागली की गोष्टही त्यांच्याबरोबर चढायची. तिला तिकीट लागत नव्हतं. आता माझी पंच्याहत्तरी उलटली, दाजी तर ऐंशीच्याही पुढं गेले. गोष्टीत खरं किती आणि माझं किती, हे आता सांगितलंच पाहिजे, कारण त्या हसण्याची किंमत मी नाही, दाजींनी दिली आहे.

आधी, हिंडतेफिरते होते तेव्हाचे दाजी कसे, ते सांगतो. दसरा झाला की दाजींची हिवाळ्याची तयारी सुरू होते. इतर लोक ट्रंकेतून गरम कपडे बाहेर काढतात, दाजी अंगावरचे एकेक काढून ठेवतात. पहिल्यांदा अंघोळीचं ऊन पाणी बंद. मग वहाणा जातात. मग रात्रीची चादर जाते. दिवाळीपर्यंत हा माणूस धोतर-बंडीवर पहाटेच्या दवात ओल्या गवतातून असा चालतो की बघणाऱ्याला हुडहुडी भरावी. "थंडी एकदम अंगावर घेतली तर मानूस मरतं, पाव्हणं," ते मला सांगत. "पर जरा जरा घेतली तर तीच अंगाला लागती. गव्हाला ही अक्कल हाय, आपल्याला का नसावी?" गव्हाबद्दल ते घरातल्या हुशार पोराबद्दल बोलावं तसं बोलतात. गार वारं सुटलं की गहू उंच व्हायची घाई करत नाही, जमिनीला बिलगून बसतो, बुडातून फुटवे काढतो, पानांत गोडी साठवतो आणि अंगातलं पाणी आवरून धरतो. हळूहळू थंडी वाढत गेली तर पुढची कडक थंडीही तो सोसतो. तीच थंडी उकाड्यानंतर एका रात्रीत आली तर त्याचीही पानं करपतात. हे सगळं दाजींनी बांधावर उकिडवं बसून पाहिलेलं आहे. एकदा मी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. दाजी गव्हात बसलेले. पत्रिका हातात घेतली आणि म्हणाले, "जरा हळू बोला, औंदा पयल्यांदाच गार पडलंय, त्येस्नी सवय व्हतीया."

सगळंच त्यांचं बरोबर असायचं असं मुळीच नाही. आमच्याकडे पहिला फ्रीज आला तेव्हा दाजी तो बघायला मुद्दाम तुळजापूरला आले. परदेशात असा गहू असतो म्हणे, की ज्याला कोवळेपणी भरपूर थंडी मिळाल्याशिवाय ओंबीच येत नाही, हे त्यांनी रेडिओवर ऐकलेलं. आपल्या गव्हाला तसली काही गरज नाही. पण दाजींना राहवलं नाही. पिशवीतून ओल्या फडक्यात बांधलेला, नुकता मोड फुटलेला गहू त्यांनी काढला आणि दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून दिला. "ऱ्हाऊ द्या. शिकतोय," एवढंच म्हणाले आणि गावी गेले. आमच्या मंडळींना हे ठाऊक नाही. चांगले मोड आलेला गहू दिसला, तिनं तो वाटला, गूळ घातला, वेलदोडा घातला आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली. नेमके त्या दिवशी दाजी आपला गहू न्यायला हजर. पानावर बसले, एक वाटी संपवली, दुसरी मागून घेतली, आणि हात धुताना म्हणाले, "ताई, माझं फडकं तेवढं द्या." मंडळींनी तोंडाला पदर लावला. मी सांगितलं, दाजी, तुमचा गहू तुमच्याच पोटात आहे. दुसरा कुणी पाहुणा महिनाभर फुगून बसला असता. दाजी खुशीत येऊन म्हणाले, "तरीच म्हनलं, गूळ बेताचा असून एवढी गोड कशी! थंडीत धान्य साखर धरतंया. बगा, सिद्द झालं का न्हाय?"

थंडी मोजायचं त्यांचं यंत्रही त्यांनी स्वतःच बनवलेलं. शेतातल्या कडुलिंबाच्या खोडाला फळी ठोकून तीवर तीन बाटल्या ठेवलेल्या असत: एकीत खोबरेल, दुसरीत शेंगतेल, तिसरीत करडईचं. खोबरेल गोठलं म्हणजे हिवाळा आला. शेंगतेल गढूळ झालं म्हणजे पिकाला पाणी द्यायचं, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते. आणि करडईचं तेल घट्ट झालं तर? असं मी विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "त्ये जर घट्ट झालं, तर पाव्हणं, जवारी ऱ्हाऊ द्या, तुम्ही आमी कुटं असू!" अक्काला मात्र या यंत्राचा भारी राग. फोडणीला तेल नसलं की तिला लिंबापर्यंत जावं लागायचं, आणि तेल घेतलं की दाजी ओरडायचे, "आगं, हिवाळा वतलास की कढईत!"

पण दाजींचा खरा जीव होता तो ज्वारीत, आणि तोही शेताच्या एका कोपऱ्यात. त्यांच्या शेताचा खालचा तुकडा सखल आहे. वरची सगळी गार हवा रात्रीतून वाहत येऊन तिथं साचते. वर शेंगतेल पातळ असतं तेव्हा खाली ते गढूळ होतं. गव्हाचं ठीक आहे, त्याला थंडी मानवते. पण आमची ज्वारी मुळात उन्हातली. ती पोटरीत, म्हणजे कणीस अजून पोटात असताना, किंवा फुलोऱ्यात कडक थंडी लागली तर कणीस बाहेर पडतं दिमाखात, पण आत दाणा धरत नाही. हातात घेतलं तर कापसासारखं हलकं. त्या तुकड्यात दाजींच्या वडिलांनी कधी ज्वारी घेतलीच नव्हती. दाजींनी हट्टानं पेरली. सुरुवातीला त्यांची समजूत अशी की, गहू शिकतो तशी ज्वारीही शिकेल. चार-सहा हिवाळे त्यांनी तिला सवय लावायच्या खटपटीत घालवले आणि दरवर्षी नुसता कडबा घरी आणला. मग एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं की, रिकाम्या कणसांच्या गर्दीत एखाददुसरं कणीस भरलेलं असतं. शेजारच्या ताटाचं कणीस पोकळ, आणि याचं वजनानं मान टाकून उभं. "गव्हाला शिकवता येतंय," दाजी म्हणाले. "जवारीला शिकवता येत न्हाय, वळखावी लागती. जी मुळात आतनं ऊब घालून आली, तिलाच थंडी लागत न्हाय." तेव्हापासून त्या सखल तुकड्याला ते शाळा म्हणू लागले. थंडी ही परीक्षा. भरलेलं कणीस पास, पोकळ नापास. पास झालेल्या कणसाला अक्काच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची, पिकू द्यायचं, आणि पुढच्या वर्षी शाळेत फक्त त्याच कणसांचे दाणे पेरायचे. दरवर्षी चिंध्या थोड्या जास्त लागू लागल्या. अक्काचं ते लुगडं संपत आलं तेव्हा तिला म्हणे मनातून आनंद झाला होता, पण तोंडानं तिनं दाजींना सोडलं नाही.

आता येळवशीची हकिकत. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे घरोघर कुलपं लागतात आणि अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची खोप उभारतात, तीत पांडवांची पूजा होते, आंबील असते, पालेभाज्या-शेंगांची भज्जी असते, बाजरीचे वाफवलेले उंडे असतात. त्या दिवशी शेतात आलेल्याला, ओळखीचा असो की रस्त्यानं जाणारा, जेवायला बस म्हणायचं. खायला आलेल्याला नको म्हणणं म्हणजे खुद्द शेताला उपाशी ठेवणं, असं आमच्याकडे मानतात. त्या वर्षी मी माझे बसस्थानकावरचे सोबती घेऊन गेलो होतो. जेवणं झाली, हुरडा हवा झाला. दाजी खोपीत आंबील वाढत होते. मी घरचा माणूस, सगळ्यांना फिरवत खाली घेऊन गेलो, आणि बघतो तो काय, कणसांना लाल चिंध्या बांधलेल्या. "बघा आमचे दाजी," मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "पाहुण्यांसाठी उत्तम उत्तम कणसं निवडून, खूण करून ठेवलीत!" शाळेचं नाव मी नुसतं ऐकून होतो, चिंध्यांची मात्र खबर नव्हती, त्या त्याच दोन-तीन वर्षांत सुरू झालेल्या, आणि मी हिवाळ्यात फिरकलेलो नव्हतो. आम्ही चिंध्या बघून बघून कणसं मोडली. सदऱ्यांच्या ओट्यात भरून वर आणली, गोवऱ्यांची आगटी पेटवली.

माझ्या गोष्टीत इथं दाजी धावत येतात, चिंध्या छातीशी धरतात आणि गळा काढतात. बसस्थानकावर मी तो आवाज काढूनसुद्धा दाखवायचो. प्रत्यक्षात असं काहीच झालं नाही. दाजी आले. ओट्यांकडे पाहिलं. खाली पडलेल्या लाल चिंध्यांकडे पाहिलं. मग खाली बसले, आगटीत फुंकर घातली, कणसं निखाऱ्यावर फिरवली आणि गरम गरम कणीस तळहातावर चोळून, फोलपट उडवून, एकेका पाहुण्याच्या हातावर स्वतः हुरडा घातला. "खावा, खावा," म्हणत होते. "आजून घ्या. दाणा कसा भरलाय बगा." माझे सोबती म्हणाले, इतका गोड हुरडा जन्मात खाल्ला नाही. दाजी म्हणाले, "थंडी खाऊन आलाय त्यो." अक्का तेवढी उठून खोपीच्या मागं गेली. पाहुणे पांगल्यावर ती मला म्हणाली, "बापू, पास झालेली समदी पोरं खाल्लीस रं." तेव्हा कुठं मला कळलं. मी खाली मान घालून दाजींपुढं उभा राहिलो. ते शाळेत उतरले, ताटाताटांतून फिरले आणि बऱ्याच वेळानं हाक मारली, "ओ पाव्हणं, एक ऱ्हायलंय! ताट आडवं झालंतं म्हनून तुमच्या मानसांस्नी दिसलं न्हाय. बास झालं. एका कणसात लई दाणं असत्यात."

आणि गोधड्या? अक्कानं त्या दिवसांत गोधड्या धुतल्या होत्या आणि शेताच्या कुंपणावर वाळत टाकल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या, एवढंच. त्या ज्वारीवर नेऊन घातल्या मी, गोष्टीत. असं का केलं, ते मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. आपण ज्याचं नुकसान केलं त्याला वेडा ठरवला की आपला दोष लहान दिसतो, याहून वेगळं उत्तर मला सापडलेलं नाही. गोष्ट पसरली, स्वेटरचा प्रश्न सुरू झाला, आणि दाजींचं मोठेपण असं की ते त्या प्रश्नालाही उत्तर देत. "स्वेटर घातला का?" विचारलं की म्हणायचे, "घातलाय की. आतनं घातलाय. म्हनून तुमाला दिसत न्हाय." लोक आणखी हसायचे. ते खरंच सांगत होते, आणि ते खरं आहे हे माहीत असूनही मी सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचो.

त्या एका कणसापासून दाजींनी शाळा पुन्हा सुरू केली. बारकी ओळ, मग वाफा, मग अर्धा तुकडा, मग सगळा. पुढं एक हिवाळा असा आला की नदीकडच्या सगळ्या सखल रानांत ज्वारी पोकळ गेली, आणि दाजींच्या शाळेत कणसं वाकून उभी. त्या उन्हाळ्यात दाजी पाठीवर बियाण्याची पिशवी घेऊन गावात घरोघर गेले. विकायला नव्हे, द्यायला. "सखल रानात घाला," म्हणून सांगत फिरले. पहिल्या घरी विचारलं, "दाजी, संगं स्वेटरबी द्या की!" दुसऱ्या घरी विचारलं, "आन् आमच्या पाव्हण्यांनी हुरडा खाल्ला तर तुम्ही रडायला येनार का?" पिशवी जशी गेली तशी परत आली. दाजींनी मला हे हसत हसत सांगितलं. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "बापू, तुझी गोष्ट लई ग्वाड हाय. पर ती आमच्या जवारीपेक्षा लवकर उगवली, आन् तिच्या सावलीत आमची जवारी धरंना." माझी बहीण एक इयत्ताही शिकलेली नाही, आणि मला असं कुणी आयुष्यात बोललं नव्हतं.

दाजींच्या पायांत आता चालायचं बळ नाही. मुलं नोकरीच्या गावी असतात, आणि शेत खंडानं दिलं आहे. फक्त शाळा तेवढी दाजींनी आपल्याकडे ठेवली आहे आणि मजूर लावून पेरून घेतात. ते आहेत तोवर ती ज्वारी आहे. कुणी बी नेलं नाही तर त्यांच्यामागं त्या तुकड्यात कुणीतरी ऊस लावेल, आणि तेवढ्या हिवाळ्यांची परीक्षा वाया जाईल. म्हणून यंदाच्या येळवशीला मी आधीच ठरवून गेलो. त्यांच्या खोपीपुढं भाऊबंद, शेजारी, खंडकरी, सगळे पंगतीला बसले होते. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "पाव्हणं, ती स्वेटरची गोष्ट होऊ द्या की!" मी उभा राहिलो आणि सांगितली. पण या वेळी जशी घडली तशी: चिंध्या, ओटे, दाजींची फुंकर, हातावर चोळलेला हुरडा, आडव्या ताटाचं एक कणीस. मला बसस्थानकावरची सवय आहे, कुठं हशा येतो ते माझ्या कानाला कळतं. या वेळी एकदाही हशा आला नाही. उंडा हातात धरून लोक तसेच बसले होते. मग शेजारच्या शेतातला, पूर्वी पिशवी परत केलेला म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "दाजी, आमचंबी खालचं रान तसलंच गार हाय. चार कणसं मिळतील का?"

"आत्ता न्हाय," दाजी करड्या आवाजात म्हणाले. "आत्ता हुरड्यात हाय. पिकू द्या, मग चिंधी बगून न्या. आन् खाल्लीत तर पाव्हण्यांकडनं गोष्ट रचून घीन!" तेव्हा मात्र पंगत हसली, आणि सगळ्यांत जास्त दाजी हसले. आणखी दोघातिघांनी बियाणं मागितलं. दाजींनी ज्याला त्याला त्याच्या रानाचा उतार विचारला, वारं कुठून येतं ते विचारलं, आणि ज्याचं रान उंचावर होतं त्याला सरळ सांगितलं, "तुमाला नगं. तुमची परीक्षाच न्हाय." मग मला जवळ बोलावलं. ती कणसं मोडली त्या वर्षापासून मी त्यांच्या शेतात हुरडा खाल्लेला नाही. दरवर्षी काही ना काही निमित्त काढतो. दाजींनी आगटीतलं कणीस उचललं, चोळलं, फोलपट उडवलं आणि माझा हात ओढून त्यावर दाणे ठेवले. "खावा. आता पुरतंय समद्यास्नी."

दिवस मावळला. येळवशीला संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात. दाजी ती घेऊन पूर्वी असे धावायचे की मागं ठिणग्यांची रेघ उमटायची. यंदा त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी धावणार कसला, धापा टाकत चाललो. "पळा की, पाव्हणं! गाडी सुटली!" मागून दाजींची हाक. शाळेशी आलो तेव्हा पायाला गार हवेचा थर लागला, पाण्यात उतरल्यासारखा. धूर वर न जाता कणसांवर पसरून राहिला, आणि ती जड कणसं वाटेवर झुकून माझ्या कोपराला लागत होती. फेरी पुरी करून वर आलो तो दाजी खोपीच्या तोंडाशी बसलेले, आणि त्यांच्या अंगावर गोधडी. अक्कानं ती खांद्यापर्यंत ओढून दिली होती. उभ्या हयातीत थंडीच्या दिवसांत मी दाजींच्या अंगावर पांघरूण पाहिलं नव्हतं. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"सांगा आता तुळजापूरला जाऊन," ते म्हणाले. "दाजीनं गोधडी घेतली म्हनून."

"नाही सांगत, दाजी."

"सांगा की. ह्ये तरी खरं हाय." त्यांनी शाळेकडे हनुवटी केली. अंधारात आता काही दिसत नव्हतं, नुसती पानांची सळसळ ऐकू येत होती. "तिला नगं आता. मला लागतीया."

गोधडी त्यांच्या पायांवरून घसरली होती. मी वाकून ती नीट केली.